मागचे दार

दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ताडपत्रीने झाकलेली लष्करी वाहने घेऊन जाणारी मालगाडी इथल्या माणसाला नवी नाही. फलाटावर कोणी ना कोणी हमखास ‘रणगाडे चालले’ म्हणतो. पण वाऱ्याने ताडपत्रीचे टोक जिथे उचलले गेले आहे, तिथे दिसणारी ही निमुळत्या नाकाची, बुटकी गाडी रणगाडा नाही. जवानांना रणांगणात नेणारे आणि तिथे त्यांच्यासोबत लढणारे हे बीएमपी-२ वाहन आहे. त्याचे भारतीय नाव ‘सारथ’.

नागपूरला लागून, कन्हानच्या काठी कामठीची छावणी आहे. १९४९ साली उभ्या राहिलेल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचे केंद्र इथेच आहे. परमवीरचक्राचे मानकरी लान्स नाईक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटचे. १९७१ च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या गंगासागर इथे शत्रूच्या मोर्चांवर ते पायी चालून गेले होते. पुढे रेजिमेंटच्या अनेक पलटणींना चिलखती वाहने मिळाली. सेनेकडे आधी असलेली ‘टोपाझ’ आणि ‘स्कॉट’ ही पूर्व युरोपातली वाहने जवानांना पोहोचवण्यापुरतीच होती, तर बीएमपी-२ वर ३० मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाभेदी क्षेपणास्त्र असल्यामुळे उतरलेल्या जवानांना गाडीचाच आधार मिळू लागला. १९८७ पासून ही गाडी तेलंगणातल्या मेदकच्या आयुध कारखान्यात तयार होऊ लागली. तेव्हा ती खरोखरच आधुनिक होती, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

आता तिचे मागचे दार जवळून पाहा. दोन पाखांचे हे दार आतून पोकळ असून त्या पोकळीत डिझेल भरले जाते. आत सहा जवान पाठीला पाठ लावून बसतात आणि त्यांच्या पाठींच्या मधोमध इंधनाची मुख्य टाकी असते. उतरताना पूर्ण सामानानिशी याच दारातून वाकून, एकामागून एक बाहेर पडावे लागते. नव्या वाहनांत दाराऐवजी खाली उघडणारा रुंद उतार असतो, इंधन माणसांपासून वेगळे ठेवलेले असते आणि सुरुंगाचा हादरा थेट कण्याला बसू नये म्हणून आसने तळापासून सुटी, टांगलेली असतात. मात्र संरक्षण वाढवले की वजन वाढते. साधारण चौदा टनांचे बीएमपी पाणी तरून जाते. युरोपातली त्याच कामाची नवी वाहने तीस टनांच्या वर गेली आहेत आणि त्यांना तरता येत नाही. आपल्याला पंजाबातले कालवेही ओलांडायचे आहेत आणि २०२० मध्ये जिथे बीएमपी नेऊन उभी केली, त्या पूर्व लडाखच्या विरळ हवेतही इंजिनाने दम धरायला हवा आहे.

बीएमपीची जागा घेणाऱ्या नव्या वाहनाची तयारी २००९-१० पासून चालू आहे. मधल्या काळात, जून २०२० मध्ये, सुमारे १,०९४ कोटी रुपयांच्या आणखी १५६ बीएमपींची मागणी मेदककडे नोंदवली गेली. जून २०२१ मध्ये १,७५० नव्या वाहनांसाठी कंपन्यांकडून पुन्हा माहिती मागवली गेली. याच काळात अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेचा हात लागलेल्या आठ चाकी चिलखती वाहनाचा कारखाना मोरोक्कोत, तिथल्या सैन्यासाठी उभा राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच संरक्षणमंत्र्यांनी त्याचे उद्घाटन केले. हे वाहन बीएमपीसारखे साखळीच्या पट्ट्यांवर नव्हे, चाकांवर चालते, ही गोष्ट मान्य केली तरी मोरोक्कोचा वेग डोळ्यांत भरतोच.

इतकी वाहने बदलायची म्हणजे मोठा खर्च, नव्या कर्मशाळा आणि चालक-कारागिरांचे नव्याने प्रशिक्षण हेही ओघाने आलेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने बीएमपीच्या चालकासाठी उष्णतेवरून अंधारात दृश्य दाखवणाऱ्या उपकरणाच्या खरेदीला मान्यता दिली. हे उपकरण बसले की चालकाला रात्रीची वाट दिसेल. मागच्या दारातले डिझेल मात्र आहे तिथेच राहणार आहे.