पेजेची अर्धी वाटी

सकाळचे सहा. देवगडच्या बंदरात होड्या लागतायत, आणि वरच्या वाडीतल्या एका घरात बोटाला सुई टोचली जातेय. रक्ताचा थेंब पट्टीवर टेकतो, मशीनवर आकडा उमटतो: ९१. उपाशीपोटी रक्तातली साखर ९५ च्या खाली हवी, म्हणजे बरं चाललंय. आकडा वहीत जातो. चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटतेय.

घरच्या सुनेला सहावा महिना. मधुमेह मात्र लग्नाआधीपासूनचा.

‘दिवस गेले की बघू,’ असं तीही म्हणायची. घोळ नेमका इथेच होतो. पाळी चुकते, आठ-दहा दिवस वाट बघण्यात जातात. तोवर बाळाच्या मेंदूचा नि कण्याचा पाया पडलेला असतो, काळीज धडधडू लागलेलं असतं. त्या दिवसांत आईची साखर चढलेली असली, तर व्यंगाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांनी आधी थांबायला लावलं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी ६.५ टक्क्यांच्या खाली आली, डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून झाली, गर्भाला न चालणारी रक्तदाबाची गोळी बदलली, फॉलिक ॲसिड सुरू झालं. मगच पुढचा विचार.

ज्यांना आधी मधुमेह नसतो, त्यांनाही तो पोटुशीपणी गाठतो, कारण वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) संप्रेरकांमुळे शरीर साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं होतं. तपासणी सोपी आहे: जेवलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं. दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली, की निदान झालं. पहिल्याच भेटीत एकदा, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

इन्सुलिनची सुई बाळाला बाधते, ही भीती वाडीत अजून आहे. खरं तर इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. मग बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करत राहतं, बाळ नको तेवढं पोसतं, आणि नाळ कापल्यावर त्याचीच साखर घसरते.

पावसात वीज गेली की इन्सुलिनची न उघडलेली पेनं डब्यात बंद होऊन माठात जातात. फ्रीज असला तरी बर्फाच्या कप्प्यात ती कधीच नाहीत.

‘दोन जिवांचा खावक होया गो,’ म्हणत सासूबाई पेज वाढतात. सून अर्धी परत ओतते. सोबत कुळथाची पिठी आणि उकडलेलं अंडं. दुपारी भात मुठीएवढा, बांगड्याचं तिखलं मात्र पोटभर. आणि हापूस? देवगडात राहून तो बंद कसा करायचा! आमरस नाही, एखादी फोड, तीही जेवणावर नाही, संध्याकाळी.

जेवून दोन तास होतात. पुन्हा सुई. सासूबाई चष्मा चढवून मशीनवर वाकतात.

‘एकशे अठरा? मगे सांजेक एक फोड खा गो.’