साठच्या दशकातली अस्सल धूळ

नमस्कार श्रोतेहो. आज जायचंय लिव्हरपूलला. लिव्हरपूल म्हटलं की तुम्ही लगेच बीटल्स म्हणणार. बीटल्स नाहीत. त्याच गावचा दुसरा बँड, नाव ‘द लाज’. आपल्या मराठी लाजेशी त्याचा काही संबंध नाही. लिव्हरपूलच्या बोलीत ‘ला’ म्हणजे लॅड, पोरगा. कोल्हापूरकडे बोलता बोलता कसं ‘लेका’ येतं, तसं तिकडे ‘ला’ येतं. म्हणजे बँडचं नाव झालं ‘लेकांनो’. शिवाय पाश्चात्य सरगमीतला सहावा सूर ‘ला’, आपला धैवत.

या बँडनं आयुष्यात अल्बम काढला एक. पुन्हा सांगतो, एकच. बारा गाणी, पस्तीसेक मिनिटं. दोन कप चहा होईपर्यंत संपतो.

हकिकत थोडक्यात अशी. १९८३ साली माइक बॅजर नावाच्या तरुणानं बँड सुरू केला. पुढच्या वर्षी ली मेव्हर्स आला, आणि हळूहळू गाणी त्याची, आवाज त्याचा, हट्टही त्याचा असं होत गेलं. १९८६ मध्ये बॅजर बाहेर पडला. बेस गिटारवर जॉन पॉवर आला. ‘गो डिस्क्स’ कंपनीनं करार केला. १९८८ मध्ये ‘देअर शी गोज’ हे गाणं आलं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत ५९ व्या नंबरावर जाऊन बसलं. दोन वर्षांनी तेच गाणं पुन्हा काढलं, तर १३ व्या नंबरावर! गाणं तेच बरं का. लोकांचे कान दोन वर्षं उशिरा पोचले. आता तर वीस सेकंदांत गाणं पुढे ढकलतात. माझा पुतण्या मुखडा संपायच्या आत बोट पुढे करतो. अंतरा नावाची चीज असते हे त्याला माहीत तरी आहे की नाही, देव जाणे. असो.

तर अल्बम. एकच अल्बम, पण तो रेकॉर्ड करायला लागली तीनेक वर्षं. निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंग करून घेणारा, आला, रेकॉर्डिंग झालं, मेव्हर्सनं ऐकलं, म्हणाला नाही. दुसरा आला. नाही. जॉन पोर्टर झाले, माइक हेजेस झाले. जॉन लेकीही झाले, ज्यांनी त्याच सुमारास स्टोन रोझेस या बँडचा गाजलेला पहिला अल्बम केला होता. स्थळं बघायला आल्यासारखी माणसं येत होती आणि नकार घेऊन जात होती. मेव्हर्सचं म्हणणं एकच: घरी साध्या टेप मशीनवर ही गाणी पहिल्यांदा केली तेव्हा जे होतं, ते यात नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय घेतला.

मेव्हर्सला साठच्या दशकातला आवाज हवा होता. मग कुठूनशी त्या काळातली जुनी मिक्सिंग डेस्क मिळाली. मिक्सिंग डेस्क म्हणजे गायकाचा, गिटारचा, ड्रमचा आवाज वेगवेगळ्या बटणांवरून येतो आणि तिथे त्यांचं कालवण होतं. कशाचं मीठ जास्त, कशाचं कमी, ते तिथे ठरतं. मी तिथे नव्हतो, पण प्रसंग डोळ्यांपुढे येतो. ते अवजड धूड, जाडजूड बटणं. बाकीचे हुश्श करून उभे: चला, आता तरी होईल. मेव्हर्सनं डेस्क पाहिली. आणि म्हणाला, चालणार नाही. का? तर हिच्यावर साठच्या दशकातली अस्सल धूळ नाही!

धूळ, श्रोतेहो. अस्सल धूळ. कुणीतरी बिचाऱ्यानं फडकं मारून ठेवलं असणार.

हा किस्सा खरा किती आणि तिखटमीठ किती, याबद्दल दुमत आहे. पण तो तीस वर्षांहून जास्त काळ सांगितला जातोय आणि मीही भेटेल त्याला सांगतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोट धरून हसलो. मग आमच्या घरचा बिडाचा तवा आठवला आणि हसू जरा आवरलं. आजीचा तवा. काळाकुळकुळीत, कडेला तेलाचं पुट चढलेलं. त्यावरचं घावन सुटं व्हायचं, जाळीदार. एका दिवाळीला आमच्या एका उत्साही नातेवाईक बाईंनी तो साबण लावून, तारेच्या घासणीनं घासघासून लख्ख केला. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं, तिसऱ्याचा गोळा झाला. महिनाभर घरात घावन नाही. रोज कांदा अर्धा चिरून, तेलात बुडवून आजी तवा पुसत बसायची.

आता डेस्कचं शास्त्र वेगळं, हे मला कळतं. जुन्या यंत्रांना स्वतःचा आवाज असतो तो आतल्या ट्रान्सफॉर्मर-बिन्सफॉर्मरमुळे. धुळीनं आवाज सुधारत नाही. उलट बटणांत धूळ गेली की खरखर येते. आमच्या स्टुडिओत विचारा! पण जुन्या मैफिलींच्या टेपा हल्ली साफ करतात, त्यात खरखरीबरोबर तानपुऱ्याची हवाही पुसून जाते, हे माझं मत. कुणी विचारलेलं नाही, तरी.

शेवटी स्टीव्ह लिलीव्हाइट आले. यू-टू या आयरिश बँडचे सुरुवातीचे अल्बम करणारे. त्यांनीही रेकॉर्डिंग केलं, आणि बँडचं पुन्हा नाही! पण कंपनीचा धीर सुटला होता. जे होतं ते लिलीव्हाइटनी जुळवलं आणि १ ऑक्टोबर १९९० ला अल्बम बाजारात आला. समीक्षक खूश. यादीत ३० वा नंबर. आणि बँड मुलाखतींतून सांगतोय, हा अल्बम आम्हाला आवडत नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात वधूपित्यानं जेवण वाईट आहे म्हणून सांगत फिरावं, तसं.

पुढे फार काही नाही. १९९१ च्या अखेरीस तीच ती गाणी वाजवून कंटाळलेला जॉन पॉवर बाहेर पडला. त्यानं ‘कास्ट’ नावाचा बँड काढला, तो चांगला चालला. आणि गंमत म्हणजे त्यांचा पहिला अल्बम केला जॉन लेकींनीच. २००५ मध्ये मेव्हर्स आणि पॉवर पुन्हा एकत्र आले, इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या मोठ्या संगीत महोत्सवात वाजवून गेले. दुसरा अल्बम मात्र आला नाही. एकच.

आता ते ‘देअर शी गोज’ ऐकवतो. पावणेतीन मिनिटांच्या आत संपतं. यात मुखडाच पुन्हा पुन्हा येतो, मध्ये एकदा छोटं वळण, बस्स. म्हणजे माझ्या पुतण्यालाही चालेल. सुरुवातीला गिटार एकटीच येते, तिच्याकडे कान द्या. आणि मध्येच खरखर आली, तर रेडिओवर थाप मारू नका. ती आमच्या बटणांतली आहे.