वीतभर तोफ

(अलिबागच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर 'छोट्या तोफा : एक छंद' हा विषय वाचून आमच्या शेजाऱ्यांनी दिवाळीला अजून अवकाश असल्याची आठवण मला करून दिली. त्यांचा गैरसमज दूर करणे एवढाच आजचा हेतू नाही. मोठ्या तोफेसमोर तासभर उभे राहून जे कळत नाही, ते तिच्या बारा पटींनी लहान केलेल्या प्रतिकृतीकडून कळते, हे मला सिद्ध करायचे आहे. मात्र हे वेड मला ज्या प्रसंगामुळे लागले तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात देवळाची एक लोखंडी उखळी, म्हणजे आखूड, उभी तोफ होती. शिमग्यात पालखी सहाणेवर आली की तिचा बार काढायचा, आणि तो मान आमच्या घराकडे, म्हणजे भाऊकाकांकडे होता. बाराची दारू वर्षभर माळ्यावर, आजीच्या लोणच्याच्या जुन्या बरणीत असे. (आजीचे म्हणणे असे की, त्यानंतर त्या बरणीत लोणचे घालता येत नाही, पण त्याआधी घातलेल्या लोणच्याचा वास दारूला येतो.) त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता. भाऊकाकांनी उखळी भरली, कानावर, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रावर, रंजक (पेटवणीची दारू) टाकली आणि लांब काठीच्या टोकाची बत्ती तिला लावली. रंजक फुस्स करून जळाली, थोडा धूर निघाला आणि पुढे काहीच झाले नाही. ढोल थांबले, पालखी खांद्यांवर तशीच थबकली आणि सारा गाव आमच्या घराण्याकडे पाहू लागला.

माझा एक चुलतभाऊ उखळीत वाकून पाहायला निघाला. भाऊकाकांनी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नव्हता, पण त्या क्षणी त्यांनी त्याला कॉलरला धरून असे मागे ओढले की सदऱ्याची दोन बटणे तुटली. "शंभर मोजल्याशिवाय कोणी पुढे सरकायचे नाही," एवढेच ते बोलले. तोवर काही चुकले असेल तर देवाने पदरात घ्यावे म्हणून गुरवाने गाऱ्हाणे सुरू केले, आणि लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणण्याच्या नेमक्या क्षणी उखळीने स्वतःच होकार दिला. शेजारच्या आंब्याचा सगळा मोहोर पालखीवर पडला. पुढे गावाने उखळी बंद करून फटाक्यांची माळ लावायला सुरुवात केली. आज त्या उखळीत कोरफड लावलेली आहे आणि तिला दररोज पाणी घातले जाते, ही माझी जुनी तक्रार आहे.

झाले होते ते असे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. त्यांपैकी कोळसा आपल्या दमट हवेतला ओलावा धरतो आणि सोरा अशुद्ध असला तर तोही पाणी धरतो. अशी दारू लगेच पेट घेत नाही, पण विझलेलीही नसते. आत धुमसत राहते. म्हणूनच बार फसला तर थांबायचे आणि डोकवायचे नाही, हा या छंदाचा जगभरचा पहिला नियम आहे आणि तो मी भाऊकाकांकडून शिकलो.

आता हिशेबाकडे वळू. चोवीस पौंडी तोफेचा गोळा सुमारे 10.9 किलोचा, तर तोफ साधारण अडीच टनांची असे. सगळी मापे बारा पटींनी कमी केली की वजन 1,728 पटींनी कमी होते. तोफ वीतभर लांब आणि दीड किलोच्या आत येते, तर गोळा सव्वासहा ग्रॅमचा, म्हणजे पोरांच्या काचेच्या गोटीएवढा होतो. होड्यांच्या इंजिनांची कामे करणाऱ्या एका कारागिराकडून मी अशी पितळी नळी लेथवर करून घेतली. ती कोणत्या पंपाची, हे तो मला अजूनही विचारतो. तिला मी कान पाडलेला नाही, कारण आपल्याकडे शस्त्रांसाठी 1959 चा आणि स्फोटकांसाठी 1884 चा कायदा आहे आणि या वयात परवान्याविना आवाज करण्याची माझी इच्छा नाही. उडणारी वीतभर तोफ मी मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना पाहिली. तिथे तर गोल्फचा चेंडू बसेल अशा उखळी तोफाही हौशी लोक मैदानावर घेऊन येतात.

ग्रंथपालांची चिठ्ठी आली आहे आणि मुख्य मुद्दा अजून बाकी आहे, तेव्हा तो धावतच मांडतो.

तोफ लहान होते, पण आग लहान होत नाही. पाच मिलिमीटरचा कान बारा पटींनी कमी केला तर टाचणीच्या टोकाएवढा होईल आणि त्यातून ठिणगी आत जाणार नाही, म्हणून तो प्रमाणापेक्षा मोठाच ठेवावा लागतो आणि तिथून धूर व जोर दोन्ही निसटतात. दुसरी गोष्ट म्हणजे गोळा त्याच वेगाने सुटला तर गाडा मागे सरकण्याचे अंतर तोफेच्या आकाराबरोबर कमी होत नाही. मी पाहिलेली वीतभर तोफ गवतावर दीड हात मागे गेली होती, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट. ते पाहिल्यापासून मी कोणत्याही बुरुजावर गेलो की तोफेच्या आधी तिच्या मागची जागा पावलांनी मोजतो. तोंडाकडून भरायची तोफ मागे यायलाच हवी, नाहीतर गोलंदाजाला दारूगोळा ठासायचा गज तोंडातून आत घालता येत नाही, आणि त्या जागेवरून तिथे केवढी तोफ चालली असेल याचा अंदाज बांधता येतो.

समोर कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. कान्होजी आंग्र्यांनी या तोफा स्वतः डागल्या असे तिथे कोणी सांगितले तर तोफेवरचा मजकूर वाचून दाखवावा : डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. हा कारखाना 1791 चा आहे आणि कान्होजी 1729 मध्ये वारले. गाड्याच्या मागे किती पावले जागा आहे, ते आपण तिथेच मोजू. ओहोटी लागली आहे, पाणी घोट्याच्या वर नाही, तेव्हा चपला हातात घ्या आणि प्रश्न वाटेत विचारा.