टेक्सारकानाचा बुरखेवाला

नमस्कार, श्रोतेहो. भयपटाच्या सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली की आपण जरा सावरून बसतो. कमी पैशांत भयपट काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आज अशाच एका सिनेमाची गोष्ट, पण आधी त्यामागची खरी घटना.

टेक्सारकाना हे गाव अमेरिकेतल्या टेक्सास आणि आर्कान्सा या राज्यांच्या सीमेवर वसलेलं. १९४६ साली फेब्रुवारी ते मे या काळात तिथे रात्रीच्या वेळी आठ जणांवर हल्ले झाले, पाच जण जिवानिशी गेले. पहिल्या हल्ल्यातून वाचलेल्या जोडप्याने हल्लेखोराच्या तोंडावर पांढरं फडकं होतं, डोळ्यांसाठी आणि तोंडासाठी भोकं पाडलेलं, असं सांगितलं. गावात कुलपं आणि बंदुकांवर लोकांची झुंबड उडाली. खुनी कोण, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

तीस वर्षांनी, १९७६ मध्ये, चार्ल्स पिअर्स या दिग्दर्शकाने त्यावर सिनेमा काढला: ‘द टाउन दॅट ड्रेडेड सनडाउन’. पैसा बेताचा, म्हणून चित्रीकरण त्याच परिसरात आणि किरकोळ भूमिकांना गावचीच माणसं. तिथेच तर सिनेमा अंगावर येतो. एका प्रसंगात नवरा रात्री खिडकीपाशी खुर्चीत बसलाय, काचेतून गोळ्या येतात. बायको फोनकडे धावते, तर तिच्याही तोंडावर गोळ्या. तशीच रक्तबंबाळ ती मदतीसाठी शेजाऱ्यांचं घर गाठते. प्रत्यक्षातही साधारण असंच घडलं होतं, आणि ती बाई वाचली.

पण पुढे पाहा. मेलेल्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती, सॅक्सोफोन वाजवणारी. तिला गोळ्या घालून मारलं होतं. सिनेमात मात्र खुनी ट्रॉम्बोनला, म्हणजे नळी पुढे-मागे सरकवून वाजवायच्या पितळी वाद्याला, सुरी बांधतो, आणि वाद्य वाजवत वाजवत मुलीला भोसकतो! लोकांना नेमकं तेच दृश्य लक्षात राहिलंय. घडलं ते पुरेसं भयंकर नव्हतं का हो? वर जाहिरातीत लिहिलं, हा माणूस अजूनही टेक्सारकानाच्या रस्त्यांवर फिरतोय. गावच्या अधिकाऱ्यांनी त्यावर हरकत घेतली, आणि ती रास्तच होती, कारण मेलेल्यांचे नातेवाईक तिथेच राहत होते.

तरी गंमत बघा, पुढे त्याच गावात ऑक्टोबरमध्ये हा सिनेमा उघड्यावर, बागेत दाखवायची प्रथा पडली. एक खून त्या बागेच्या जवळच झालेला.

बघणार असाल तर रात्रीचे प्रसंग चुकवू नका. मधेमधे एक वेंधळा पोलीस हसवायला येतो, ती भूमिका खुद्द पिअर्सनेच केलीय. तेवढा भाग खुशाल पुढे ढकला.