दोन शेपट्यांचा अमिबा

(दृश्य: मे महिन्याची दुपार. पाळीवरून धावत येऊन पोरं बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, उड्या मारताहेत.)

भंडाऱ्याकडचा मे महिना. पारा ४५ अंशांच्या आसपास, शाळेला सुट्ट्या, लाइनीचा पत्ता नाही, आणि गावातली झाडून सगळी पोट्टी बोडीत. धानासाठी बांधलेली ही बोडी आता अर्धी आटली आहे. वरचं हातभर पाणी अंगाला कोमट लागतं. थंडावा हवा तर खाली बुडी मारायची. मग पायाला गाळ लागतो.

आपली गोष्ट अशाच गाळातली आहे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सरपटणारा अमिबा.)

हा नेग्लेरिया. नाव अवघड असलं तरी रूप ओळखीचं. शाळेच्या पुस्तकातल्या अमिबासारखा, छद्मपाद काढत सरपटणारा, वाटेत आलेला जिवाणू गिळणारा. एका मिलिमीटरमध्ये पन्नासेक सहज रांगेत बसतील. जाती पुष्कळ, माणसाच्या जिवावर उठते ती एकच, नेग्लेरिया फाउलेरी. इतर बहुतेक अमिबा जिथं तग धरत नाहीत, त्या ४५ अंशांच्या पाण्यातही ही जात वाढते. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियात फाउलर आणि कार्टर या डॉक्टरांनी तिच्यामुळं होणाऱ्या मेंदूच्या रोगाची नोंद प्रसिद्ध केली; जातीचं नाव त्यातल्या फाउलर यांच्यावरून.

या बोडीवर आमचा आरोप नाही. जगभर लाखो लोक कोमट तळ्यांत पोहतात, आणि हा रोग अतिशय क्वचित होतो.

या अमिबाची खरी करामत वेगळीच आहे. ती पाहायला लागतं ते डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात तेच. प्रयोगशाळेत नेग्लेरियाची निरुपद्रवी भावंडं अशा क्षारहीन, अन्नहीन पाण्यात सोडतात आणि घड्याळ लावून बसतात.

सुरुवातीला सरपटणं चालूच असतं. मग छद्मपाद आखडतात. तासाभरात अमिबा गोल होतो, आणि त्या गोळ्याच्या एका बाजूनं दोन केस डोकावतात. ते लांबतात, वळवळतात. दीड-दोन तासांत अंग पेरूसारखं निमुळतं होतं आणि अमिबा पोहत निघून जातो. त्या दोन केसांना म्हणतात कशाभिका.

शार्डिंगर नावाच्या शास्त्रज्ञानं १८९९ मध्येच हे पाहून ठेवलं होतं. चक्रावून टाकणारी गोष्ट मात्र पुढं कळली. कशाभिका उभी राहते ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्यांवर. सरपटणाऱ्या अमिबात अशी एकही नळी नसते. कशाभिका ज्या पायावर रोवायची, तो पायाही नसतो. पेशी दुभंगताना नळ्या बनतात खऱ्या, पण त्यांचं ट्युब्युलिन निराळं. ते इथं कामी येत नाही. म्हणजे सुताराच्या घरी ना चाक, ना आख, लाकूडसुद्धा नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर सगळं नव्यानं घडवून तासा-दीड तासात अख्खी बंडी जुंपलेली! फाउलेरीला मात्र याच कामाला जास्त वेळ लागतो.

हे पोहणारं रूप खात नाही, दुभंगत नाही. त्याचं काम एवढंच, अडचणीच्या जागेतून निघून दुसरीकडं पोचणं. तिथं शेपट्या जातात आणि पुन्हा सरपटणं सुरू. फारच वाईट दिवस आले तर अमिबा जाड भिंतीची गोळी होऊन गाळात पडून राहतो. तो मुक्काम निराळा.

मग मारतं कोणतं रूप? आपल्याला वाटेल, शेपट्यांचं. तसं नाही. मारतो तो सरपटणारा. उडी मारताना पाणी नाकात जोरात शिरतं. त्यातून अमिबा वासाच्या नसेपर्यंत पोचला, तर तिच्या वाटेनं थेट मेंदूत. तेच पाणी पोटात गेलं तर हा रोग होत नाही; एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. साधारण पाचव्या दिवशी डोकं ठणकतं, ताप चढतो, उलट्या होतात, मान ताठते. मेंदूज्वरासारखंच सगळं. म्हणून डॉक्टरांना एक वाक्य आपणहून सांगायचं: पोरगं तळ्यात पोहलं होतं. शंभरातले सत्त्याण्णवहून जास्त रुग्ण दगावतात. तरी २०२४ मध्ये केरळात कोझिकोडकडचा १४ वर्षांचा एक मुलगा लवकर निदान आणि उपचार मिळून वाचला.

(दृश्य: काचपट्टीवर पडणारा एक थेंब.)

निदानातही ती शेपट्यांची करामत कामाला येते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडून काही तास पाहत राहायचं. त्यातला अमिबा कशाभिका फुटून पोहू लागला, की नेग्लेरिया ओळखला. मात्र तो नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. गारठ्यानं अमिबा निपचित पडतो आणि नजरेतून सुटतो.

(दृश्य: पुन्हा बोडी. पाळीवर कपडे धुणारी म्हातारी.)

नाकात पाणी ओतून जलनेती करणाऱ्यांनी ते पाणी उकळून, निववून घ्यावं. तळ्यात उतरणाऱ्यांनी गाळ ढवळू नये. नाकाला लावायची क्लिप शहरातल्या पोहण्याच्या तलावावर दिसते, बोडीवर कुठली? इथं दोन बोटं आहेत.

"नाक दाबून मार ना रे उडी, पोट्ट्या!" म्हातारी पाळीवरून ओरडते.

पोरगं चिमटीत नाक धरतं, डोळे मिटतं, आणि धप्पकन पाण्यात.