आभाळ निरभ्र, आणि तरीही बंदर रद्द

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यामुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून हल्ली कितीतरी कुटुंबं उन्हाळ्यात ग्रीसच्या क्रूझला जातात. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी मिळून घडवलेली सहल असते, नाहीतर निवृत्तीनंतर आलेल्या पैशातून नवराबायकोने मनाशी ठरवलेलं एकच मोठं स्वप्न असतं. कार्यक्रमात बंदरं पाच-सहा असतात, पण जीव अडकलेला असतो तो दोन नावांत, मिकोनोस आणि सांतोरिनी. पांढरी घरं, निळे घुमट, आणि त्या घरांपुढे काढायचे फोटो.

आणि नेमकं त्याच सकाळी, नाश्ता चालू असताना, स्पीकरवर कॅप्टनचा आवाज येतो. वाऱ्यामुळे आज मिकोनोसला थांबता येणार नाही, जहाज पुढे निघत आहे. लोक डेकवर धावतात. बघतात तर काय, आभाळात ढगाचा ठिपका नाही, ऊन लख्ख पडलंय, बेट समोर हाकेच्या अंतरावर दिसतंय. मग चिडचिड सुरू होते. कसलं वादळ? कुठंय वादळ? आम्हाला फसवलं!

आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे. व्यापारी जहाजांवर नोकरी केलेला माणूस म्हणून मला मनापासून वाटतं की बंदर चुकवण्याचा निर्णय हा कॅप्टनच्या कामातला सगळ्यात अवघड आणि बहुतेक वेळा सगळ्यात चांगला निर्णय असतो. त्यामागे काय असतं, ते प्रवाशांना कुणी नीट समजावून सांगत नाही.

आपली अडचण अशी की आपण पावसाच्या देशातली माणसं. आपल्याकडे समुद्र खवळतो तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं, वीज कडाडत असते. धोका म्हणजे काळं आभाळ, हे आपल्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं. ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात उलट असतं. तिथला मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा कोरडा. तो वाहतो तेव्हा हवा स्वच्छ होते, दूरदूरची बेटं स्पष्ट दिसतात, आणि समुद्रावर मात्र पांढऱ्या फेसाच्या रांगा धावत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक. एकदा सुरू झाला की कधी दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर वाहत राहतो.

या वाऱ्याचं आपल्याशी नातं आहे. उन्हाळ्यात तापलेल्या भारतीय उपखंडावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि आपला मोसमी पाऊस ओढून आणतो, त्याची एक शाखा पाकिस्तान, इराणवरून थेट तुर्कस्तानपर्यंत पोचते. त्याच वेळी ग्रीसच्या उत्तरेकडच्या बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या एजियन समुद्रातून हवा उत्तरेकडून दक्षिणेकडे धाव घेते. म्हणजे इकडे कोकणात शेतं पाण्याने भरत असतात तेव्हा तिकडे मिकोनोसच्या धक्क्यावर वारा घोंघावत असतो, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घडामोड असते. प्राचीन ग्रीकांना हे वारे चांगले ठाऊक होते. मॅसिडोनियाचा राजा फिलिप आपल्या मोहिमा हे वारे वाहायच्या दिवसांत काढायचा, कारण समोरून येणाऱ्या वाऱ्यात अथेन्सचं आरमार उत्तरेकडे वेळेवर पोचू शकत नसे. मिकोनोसच्या टेकडीवरच्या ज्या पवनचक्क्यांपुढे आपण फोटो काढतो, त्या तिथे शोभेसाठी बांधलेल्या नाहीत. वर्षानुवर्षं तिथे धान्य दळलं गेलं ते याच वाऱ्यावर.

आता जहाजाकडे वळू. आजचं मोठं क्रूझ जहाज तीनशे मीटर किंवा त्याहून लांब असतं. पाण्याखाली ते जेमतेम आठ-नऊ मीटर, आणि पाण्यावर साठ-सत्तर मीटर उंच. बाल्कन्या, काचा, तरणतलाव, सगळं वर. तेलाचं भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, वाऱ्याला त्याचा थोडाच भाग सापडतो. क्रूझ जहाजाची एकच बाजू घेतली तरी ती सुमारे दहा हजार चौरस मीटर भरते. म्हणजे जवळजवळ अडीच एकर. अडीच एकराचं शीड वाऱ्याला आडवं धरलंय आणि ते गुंडाळून ठेवायची सोय नाही, अशी कल्पना करा.

ढोबळ हिशेब सांगतो. वीस नॉटचा, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटरचा वारा या बाजूवर आडवा आला तर सुमारे ६५ टनांचा रेटा बसतो. वारा तीस नॉट झाला की तो रेटा शंभरावर थांबत नाही, दीडशे टनांच्या घरात जातो. चाळीस नॉटला अडीचशे टनांच्या वर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून सकाळी सहाला ठीक वाटणारं काम आठला अशक्य होऊन बसतं, आणि प्रवाशाला डेकवर उभं राहून त्यातला फरक फारसा जाणवतही नाही.

धक्क्याला लागताना आणखी एक गोष्ट घडते. भर समुद्रात जहाज वेगात असतं, सुकाणूवरून पाणी जोराने वाहत असतं, त्यामुळे जहाज ऐकतं. धक्का जवळ आला की वेग कमी करावाच लागतो. वेग जितका कमी, तितकं सुकाणू दुबळं, आणि जहाज तितकं वाऱ्याच्या ताब्यात. अशा वेळी कॅप्टन ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षाच्या टोकाला, जिथून जहाजाची पूर्ण बाजू खाली दिसते तिथे, उभा असतो. शेजारी त्या बंदराचा पायलट, म्हणजे तिथलं पाणी ओळखणारा वाटाड्या. पुढच्या बाजूला आडवा रेटा देणारे थ्रस्टर चालू असतात, मागे प्रॉपेलर, आणि बंदरात टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, असल्याच तर त्याही. कॅप्टनची नजर एकदा वाऱ्याच्या काट्यावर, एकदा धक्क्याच्या कडेवर, एकदा पाण्यावर पुढून येणाऱ्या झुळकीच्या काळसर पट्ट्यावर. तो पट्टा जहाजापर्यंत पोचायच्या आत निर्णय घ्यायचा असतो. वारा जहाजाला धक्क्यापासून दूर लोटत असेल तर रस्से बांधून होईपर्यंत ते जागेवर धरून ठेवायला ताकद पुरत नाही. वारा धक्क्याकडे ढकलत असेल तर ते आपटायची भीती, आणि संध्याकाळी निघताना सुटायचीही पंचाईत. छोट्या बेटांच्या बंदरात चूक सावरायला जागा नसते. मागे दुसरं जहाज, पुढे खडक, बाजूला मासेमारीच्या होड्या.

बांधलेलं जहाजही सुटू शकतं. २७ ऑगस्ट २०२३ रोजी स्पेनच्या माजोर्का बेटावर, पाल्मा बंदरात, ब्रिटानिया हे मोठं क्रूझ जहाज धक्क्याला नीट बांधून उभं होतं. अचानक वादळी वारा आला, रस्से तुटले, आणि जहाज वाहत जाऊन बंदरातल्या टँकरवर आदळलं.

सांतोरिनीची गोष्ट वेगळी. ते बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाचा काठ. कडे तीनशे मीटर उंच, आणि त्यांच्या पायथ्याशी पाणी इतकं खोल की नेहमीसारखा नांगर टाकून राहता येत नाही. मोठी जहाजं इंजिनं चालू ठेवून जागा धरून राहतात, आणि प्रवाशांना स्थानिक नावाड्यांच्या लाँच फिरा गावाच्या जुन्या बंदरात नेऊन सोडतात. तिथून वर जायला केबल कार, नाहीतर पाचशे ऐंशीहून जास्त पायऱ्या.

लाँचमध्ये उतरायचं म्हणजे काय, ते जवळून बघा. जहाजाच्या कुशीत, पाण्यालगत, एक दरवाजा उघडतो. बाहेर चटईएवढा फलाट, मीठपाण्याने ओला झालेला. लाँच त्याला लागून उभी, पण स्थिर नाही. लाटेबरोबर ती वर येते, क्षणभर फलाटाच्या पातळीला असते, आणि पुन्हा खाली जाते. दोन खलाशी प्रवाशाचे दोन्ही दंड घट्ट धरतात, लाँच वर येण्याची वाट बघतात आणि 'आता' म्हणतात. त्या 'आता'वर पाऊल टाकायचं. लाट अर्ध्या मीटरची असेल तोवर हे जमतं. ती मीटरभर झाली की तेच पाऊल गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सत्तरीतल्या काकूंना कसं जमणार? आणि अशा काकू-काका त्या जहाजावर शेकड्यांनी असतात. लाँच आणि जहाजाच्या मध्ये पाय सापडला तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय ते त्याबद्दल फार बोलत नाहीत.

त्यातून मेल्टेमीचा स्वभाव असा, की पहाटे तो मवाळ असतो, दुपारी चढतो. सकाळी प्रवासी सुखरूप उतरतील, पण दोन-तीन हजार माणसं संध्याकाळी परत आणायची आहेत ना? तेव्हा लाँच चालल्या नाहीत तर एवढे लोक रात्री बेटावर राहणार कुठे? कुणाची औषधं केबिनमध्ये, कुणाचे पासपोर्ट जहाजाच्या कचेरीत. म्हणून सकाळच्या शांत पाण्याकडे बघून कॅप्टन 'नाही' म्हणतो तेव्हा तो दुपारी चारचा विचार करत असतो. हे त्याने स्पीकरवरून जरा सविस्तर सांगितलं तर निम्मी चिडचिड कमी होईल. दोन वाक्यांत घोषणा उरकणं ही माझ्या मते जहाज कंपन्यांची खरी कसूर आहे.

लोकांचा एक संशय मी वारंवार ऐकतो. बंदर चुकलं की कंपनीचा फायदा, बंदराचे पैसे वाचतात, आणि समुद्रात असताना जहाजावरची दुकानं नि कॅसिनो चालतात. दुकानं चालतात, हे खरं. पण बेटावरच्या सहली कंपनी स्वतः विकते, त्याचे पैसे तिला परत द्यावे लागतात, आणि नाराज प्रवासी पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. मुख्य म्हणजे हा निर्णय कायद्याने कॅप्टनचा असतो. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्याची १९७४ची आवृत्ती लागू आहे, तिला सोलास म्हणतात. तिच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट तरतूद आहे की माणसांच्या सुरक्षिततेसाठी कॅप्टन जो निर्णय घेईल, त्याच्या आड जहाजाचा मालक, कंपनी किंवा इतर कुणीही येता कामा नये.

असा 'नाही' म्हणणारा माणूस किती मोलाचा असतो, हे आपल्या किनाऱ्याला वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. गिरणगावातली, गिरगावातली, रायगडच्या गावागावांतली, घरी निघालेली माणसं. कोकणच्या आगबोटींवर प्रवास केलेली पिढी आता थोडी उरलीय, पण त्यांना विचारा. अनेक बंदरांत बोट दूरच उभी राहायची, पडावातून उतरावं लागायचं, आणि पावसाळ्यात ती वाहतूक बंद असायची. तेव्हा बोट बंद म्हणजे बंद, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे.

बेटावरच्या लोकांचंही नुकसान होतं. त्या दिवशीचे बसवाले, गाइड, लाँचवाले, छोट्या खाणावळीवाले, सगळ्यांचा दिवस कोरडा जातो. तरी तेही वाऱ्यावर रागावत नाहीत. तिथल्या गप्पांत आज किती बोफर्ट (वाऱ्याचा जोर सांगायचं माप) वारा आहे हे आपल्याकडच्या पावसाच्या चौकशीइतकं सहज येतं. आठ बोफर्टला, म्हणजे ताशी बासष्ट किलोमीटरच्या पुढे, बंदर अधिकारी नेहमीच्या फेरीबोटींनाही निघू देत नाहीत.

आता जायचा बेत असलेल्यांसाठी थोडं कामाचं. मिकोनोस-सांतोरिनी हाच तुमचा जीव की प्राण असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. मे, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबरचा शेवट बरा, वारा तेव्हा सहसा कमी असतो. बुकिंग करतानाच विचारा की या बंदरात जहाज धक्क्याला लागतं की लाँचने उतरावं लागतं. लाँच असेल तर ते बंदर चुकण्याची शक्यता जास्त धरा. बंदर रद्द झाल्यास कंपनी सहसा त्या बंदराचे कर आणि तिच्याकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत करते, तिकिटाचे नाही. तसं करारात लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा. तुम्ही बाहेरून परस्पर ठरवलेल्या टॅक्सी-गाइडचे पैसे मात्र त्या माणसाच्या मर्जीवर, तेव्हा जहाज आलं नाही तर काय, हे आधीच लिहून घ्या. २०२५ च्या उन्हाळ्यापासून ग्रीस सरकारने या दोन बेटांवर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर भर हंगामात माणशी वीस युरो कर बसवलाय. उतरलाच नाहीत तर तो तुमच्या बिलात लागलाय का, हे तपासा. यातल्या बऱ्याच सफरी मध्ये तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसमध्ये येतात, म्हणून शेंगेन व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा घ्या. क्रम बदलला तर एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर अडकाल.

आणि बेटावर उतराल तेव्हा त्या दिवसाची औषधं, पासपोर्टची प्रत आणि जहाजाच्या दैनंदिन पत्रकावर छापलेला बंदरातल्या एजंटचा फोन नंबर खिशात ठेवा. दुपारी वारा वाढला नि लाँच थांबल्या, तर राहण्याजेवण्याची सोय आणि परतीची वेळ तुम्हाला तोच सांगणार आहे.

नमस्कार.