कॅलिफोर्निया न सोडता पगार कसा वाढवावा

पगार वाढवायचा असेल तर राज्य बदला, असा सल्ला नर्स प्रॅक्टिशनरना (एनपी), म्हणजे रुग्ण तपासून औषधे लिहून देणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिकांना, सर्रास दिला जातो. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि घराचा हप्ता एका शहराशी बांधलेले असताना या सल्ल्याचा फारसा उपयोग नसतो, आणि कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना तर त्याची गरजही नाही. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेत देशभरातील नर्स प्रॅक्टिशनरांचा मध्यक वार्षिक पगार १,२६,२६० डॉलर होता आणि राज्यवार सरासरीत कॅलिफोर्निया सर्वांत वर होते. तेव्हा आज एवढाच प्रश्न विचारात घेऊ, की याच राज्यात राहून आपल्या कामाचे पूर्ण मोल पदरात कसे पाडून घ्यावे. माझ्या मते त्याची सुरुवात आपल्या कामातून दवाखान्याला किती पैसा मिळतो हे कळण्यापासून होते, आणि नेमके तेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते.

मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याचे, उदाहरण घेऊ. नर्स प्रॅक्टिशनरने तपासलेल्या रुग्णाचे बिल तिच्या स्वतःच्या क्रमांकाखाली गेले, तर मेडिकेअर डॉक्टरांसाठी ठरवलेल्या दराच्या ८५ टक्के रक्कम देते. तेच बिल ‘इन्सिडेंट टू’ या नियमाखाली डॉक्टरांच्या नावे गेले, तर पूर्ण १०० टक्के मिळतात. त्यासाठी उपचाराची दिशा डॉक्टरांनी आधी ठरवलेली असावी लागते आणि त्यांची प्रत्यक्ष देखरेखही लागते. नवा रुग्ण किंवा जुन्याच रुग्णाची नवी तक्रार या नियमात बसत नाही. दवाखान्याला डॉक्टरांच्या दराच्या १५ टक्के रक्कम जास्त मिळते, त्यामुळे त्यांचा कल तिकडे असणे स्वाभाविक आहे. पण याची दुसरी बाजू अशी, की त्या भेटी हिशेबात डॉक्टरांच्या खात्यावर जमा होतात, आणि वर्षअखेर आढाव्याला बसल्यावर व्यवस्थापकाच्या अहवालात आपण दिवसभर राबूनही निम्मेच काम केलेले दिसते. म्हणून कोणत्या भेटीचे बिल कोणाच्या नावे गेले, याची माहिती दर तीन महिन्यांनी लेखी मागून घ्यावी. ती मागण्यात उद्धटपणा काहीच नाही.

यालाच जोडून आरव्हीयूचा, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या एककांचा विषय येतो. जुन्या रुग्णाच्या भेटीसाठी ९९२१३ हा बिलाचा कोड लावला तर कामाची १.३० एकके धरली जातात आणि ९९२१४ लावला तर १.९२. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात असलेला रुग्ण आला, आपण दोन्हींचा आढावा घेतला आणि औषधे चालू ठेवण्याचा निर्णय नोंदवला, तर ती भेट साधारणपणे ९९२१४ मध्ये बसते. तरीही ‘उगाच कशाला, ऑडिटमध्ये अडकायला नको’ या भीतीने अनेक जणी ९९२१३ च लिहून मोकळ्या होतात. दिवसाला १६ रुग्ण धरले आणि सगळ्यांना खालचा कोड लावला, तर २०.८ एकके होतात; त्यांतील निम्म्या भेटी खरोखरच वरच्या कोडच्या असतील, तर हाच आकडा २५.७६ वर जातो. फरक जवळपास २४ टक्क्यांचा आहे आणि त्यासाठी एकही रुग्ण जास्त तपासावा लागलेला नाही. मात्र नोंदीत आधार नसताना वरचा कोड लावणे ही फसवणूक ठरते, हे वेगळे सांगायला नको.

आता कायद्याकडे वळू. २०२० मध्ये मंजूर झालेल्या एबी ८९० या कायद्याने, ४,६०० तास किंवा पूर्णवेळ तीन वर्षांचा अनुभव आणि इतर अटी पूर्ण करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरला, जिथे डॉक्टरही काम करतात अशा ठरावीक ठिकाणी, डॉक्टरांसोबतच्या ठरावीक कार्यपद्धतींच्या कराराशिवाय काम करण्याची मुभा दिली. तिला आपण ‘१०३ एनपी’ म्हणतो. त्यानंतर आणखी तीन वर्षांनी ‘१०४ एनपी’ होऊन स्वतंत्र दवाखानाही काढता येतो. केवळ या दर्जामुळे पगार वाढतो असे मला वाटत नाही. पण ‘तुमच्यावर देखरेख ठेवायचा खर्च आम्हाला येतो’ हा मालकाचा नेहमीचा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो, आणि बोलणी करताना तेवढे पुरेसे असते.

वेतनाच्या बोलणीत या राज्याचे कायदे आपल्या बाजूने आहेत. आधीचा पगार विचारण्याची मालकाला बंदी आहे. किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकाला १ जानेवारी २०२३ पासून जाहिरातीत वेतनश्रेणी द्यावी लागते. आणि नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यालाही आपल्या पदाची वेतनश्रेणी मागता येते. नोकरी सोडल्यावर जवळच्या दवाखान्यात काम करू नये, अशी अट करारात असली तरी ती इथे सहसा टिकत नाही. आपल्या घरांत आयटीतला नवरा शेअरसकट सगळ्याची घासाघीस करतो आणि बायको ऑफर लेटर न वाचताच सही करून येते, हे चित्र मला फार अनोळखी वाटत नाही.

विशेषज्ञतेबद्दल थोडक्यात सांगते. मनोविकार क्षेत्रातील नर्स प्रॅक्टिशनरांना मोठी मागणी आहे, आणि फॅमिली एनपीला पदव्युत्तर प्रमाणपत्र घेऊन तिकडे वळता येते. रुग्ण राज्यात असेल तर सॅन होजेत बसून बेकर्सफील्डच्या रुग्णाला व्हिडिओवर तपासता येते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागांत शैक्षणिक कर्ज फेडून देणाऱ्या सरकारी योजनाही आहेत, आणि त्याही एका अर्थी पगारच आहेत.

शेवटी कराराचा मसुदा. संध्याकाळी घरी बसून रुग्णांच्या संदेशांना उत्तरे देण्यात जाणाऱ्या वेळेची भरपाई बहुधा कोणी देत नाही. म्हणून आठवड्यातील काही तास त्यासाठी राखून ठेवल्याचे करारात लिहून घ्यावे. ‘१०९९’ वर, म्हणजे कर्मचारी न धरता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, काम दिले तर ताशी दर मोठा दिसतो, पण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर, विमा आणि बिनपगारी सुट्ट्या वजा केल्यावर तो बराच खाली येतो. शिवाय कोणाला कंत्राटदार धरता येईल हे ठरवणाऱ्या एबी ५ या कायद्यात डॉक्टरांना मिळालेली सूट नर्स प्रॅक्टिशनरना मिळालेली नाही, त्यामुळे अशी नेमणूक कायद्याने टिकेल का, हे वकिलाला विचारूनच सही करावी. व्यावसायिक दायित्वाचा विमा दावा दाखल होण्याच्या तारखेवर अवलंबून असेल, तर नोकरी सोडल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठी ‘टेल’ संरक्षण घ्यावे लागते. त्याचा हप्ता मोठा असतो आणि तो कोण भरणार, हे नोकरी स्वीकारतानाच ठरवून घ्यावे लागते.